यादी : एक रसग्रहण

मराठी समीक्षेने कवितेला न्याय दिला, कादंबरीला दिला, बखरींना आणि ताम्रपटांनाही दिला. पण एक वाङ्मयप्रकार अजून उपेक्षितच राहिला आहे. तो म्हणजे सहलीला न्यायच्या सामानाची यादी. त्यात क्रियापद नसतं, नायक नसतो, शेवट तर बहुधा नसतोच. तरीही माणूस जितका यादीत सापडतो तितका आत्मचरित्रातसुद्धा सापडत नाही, असं माझं नम्र मत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात अशी एक यादी नानाने रोह्याहून माझ्याकडे पेणला अभिप्रायासाठी धाडली. फुलस्केपची चार पानं, डाव्या कोपऱ्यात टाचणी. नाना आणि मी शाळासोबती. आमचा जन्म गेला खाडीकाठच्या सपाटीवर. गणपतीच्या मूर्ती आणि मिठागरं बघत वाढलेली आम्ही माणसं. पासष्टी उलटल्यावर नानाला काश्मीरच्या डोंगरांतली तळी बघायची हुक्की आली. सोनमर्गहून निघायचं, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल अशी तळी करत नारानागला उतरायचं. आठवडाभर मुक्काम तंबूत, आणि मध्ये १३,५०० फुटांहून उंच अशी गडसरची खिंड. रोह्याच्या स्टेशनावरचा पूल चढताना दोनदा थांबणारे आम्ही!

असो. आपण कलाकृतीकडे वळू.

यादीचे तीन सर्ग आहेत : 'अत्यावश्यक', 'आवश्यक' आणि 'असलेलं बरं'. पहिल्यात ११ वस्तू, दुसऱ्यात १९, तिसऱ्यात ३४. म्हणजे कवीची खरी प्रतिभा तिसऱ्या सर्गातच फुलली आहे. दुसऱ्या सर्गातले 'पेणचे पोहे, ५ किलो' हे कलम मला फार आवडलं. त्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ शिजता शिजत नाही. पोह्यांना मात्र उकळीची गरजच नाही, भिजवले की झालं. भौतिकशास्त्रात काठावर पास झालेल्या नानाने इथे शास्त्रावर मात केली आहे. उलट 'तांदळाचे पापड, ५ डझन' हे कलम वास्तवाला सोडून आहे. खेचराच्या पाठीवरून आठवडाभर पापड अखंड राहणं हा शुद्ध अद्भुतरस होय. 'लांब दांड्याची छत्री' करुणात मोडते आणि 'पत्त्यांचे दोन कॅट' हास्यात, कारण जाणारे आम्ही दोघंच.

या प्रकाराला परंपराही आहे बरं का. जेरोम के. जेरोमच्या १८८९ सालच्या पुस्तकातले तिघे मित्र होडीच्या सहलीसाठी पहिली यादी करतात ती इतकी मोठी होते, की तेवढं सामान वाहणारी होडी वरच्या थेम्समध्ये चालेना. ती यादी फाडावी लागते. आणि परदेशात कशाला जा? आमच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मनातली यादी एकाच कलमाची होती : दक्षिणा. वाटेत बंड पेटलं, ते झाशीत अडकले, मिळालेलं धन लुटलं गेलं, आणि घरी आली ती गंगेची कावड. 'माझा प्रवास' पुढे १९०७ साली छापून निघालं. तात्पर्य, यादीत नसतं तेच प्रवासात भेटतं.

हे वाक्य मी अभिप्रायात झोकात लिहिलंसुद्धा. आणि मग तिसऱ्या सर्गातल्या 'सुईदोरा' आणि 'चिक्की' यांच्यामध्ये अडकलो.

जुन्या पोथ्यांत मागाहून कुणीतरी ओवी घुसवतो, तिला पंडित प्रक्षिप्त म्हणतात. नानाची सगळी यादी वहिनींच्या अक्षरात होती. टपोरं, वळणदार अक्षर, निळी शाई. कलम ४७ सुईदोरा. कलम ४८ चिक्की. आणि दोहोंच्या मध्ये, काळ्या बॉलपेनने, मुंगीएवढ्या अक्षरात नानाच्या हातचं : '४७ अ. सॉर्बिट्रेट.'

मी फोन लावला.

"नाना, सत्तेचाळीस-अ काय आहे रे?"

"कुठलं? हां, ते होय! चिक्कीच्या वर जरा जागा होती..."

"जागा नव्हती. तू कोंबलंयस."

थोडा वेळ नुसता त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज आला.

"मार्चमध्ये जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, लगेच तपासून घ्या. मी म्हटलं, तपासलं की जाऊ देणार नाहीत. आधी तळी बघून येऊ."

"अरे, त्या खिंडीत श्वासाला मिळणारा प्राणवायू इथल्या जेमतेम ६० टक्के! वहिनींना ठाऊक आहे?"

"ठाऊक असतं तर 'अ' कशाला लागला असता?"

मी त्याला संध्याकाळपर्यंत मुदत दिली. त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी रोहा गाठलं.

समीक्षकाने लेखकाच्या खाजगी आयुष्यात डोकावू नये म्हणतात. मी यादी वहिनींपुढे ठेवली आणि काळ्या शाईवर बोट ठेवलं. वहिनींनी चष्मा लावला, एकदाच वाचलं आणि उठून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. कप दोनच होते. नानाला नव्हता.

तपासण्या झाल्या. एक रक्तवाहिनी बरीचशी बंद निघाली, तिच्यात स्टेंट बसला. काश्मीर अर्थातच राहिलं. नाना माझ्याशी दीड महिना बोलला नाही. लेखक समीक्षकांशी असेच वागतात. मी मनावर घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं घेतलं.

जानेवारीत डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा आम्ही तिघं रोह्याजवळच्या अवचितगडावर गेलो. उंची साधारण हजार फूट. मेढ्याकडून झाडीतली वाट धरली आणि दर पन्नास पावलांवर बसत बसत वर पोचलो. गडावर पाण्याची सात टाकी आहेत. नानाने ती दोनदा मोजली.

"सातसर म्हणजे तरी काय रे?" तो म्हणाला. "सात तळीच ना?"

"तेवढंच," मी म्हटलं. आम्ही दोघंही खोटं बोलत होतो, आणि वहिनींना ते कळत होतं.

या सहलीची यादी माझ्या संग्रही आहे. पाठकोऱ्या कागदाचा चिठोरा, नऊ कलमं, सर्ग नाहीत. निळी शाई, टपोरं अक्षर. पोहे चौथे आहेत, छत्री गाळली आहे. पत्त्यांचा कॅट एकच, पण आहे. आणि पहिल्या कलमात, सगळ्यांच्या वर, वहिनींच्या हातचं : 'गोळ्या. ह्यांच्या खिशात नव्हे, माझ्या.'

पाठ शुद्ध आहे. प्रक्षिप्त काही नाही.