मंत्रचळ, साक्ष आणि ‘स्मृतिचित्रे’

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील मनोव्यथेचा विचार बहुधा एका ठरीव आकृतिबंधातून केला जातो. आधी अंधार, मग श्रद्धेचा स्पर्श आणि त्यानंतर अखंड शांती, असा हा आकृतिबंध आहे. ‘साक्ष’ या वाङ्मयप्रकाराने तो रूढ केला. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) शीर्षकापासूनच या रचनेची ग्वाही देते. तेथे निवेदक पहाट झाल्यावर मागे वळून रात्रीकडे पाहतो, त्यामुळे रात्रीच्या प्रत्येक प्रहराला उजेडाकडे नेणारा अर्थ आपोआप प्राप्त होतो. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत हा क्रम थोडा विस्कटतो. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अंतःकरणाचे समाधान लाभेपर्यंत सुमारे आठ वर्षे गेली, असे त्या सांगतात. तरीही कथनाचा शेवट समाधानातच होतो. साक्ष देणाऱ्याला समाधानाच्या अलीकडे थांबता येत नाही, हा त्या प्रकाराचा अलिखित नियम आहे.

मनाचा आजार मात्र हा नियम पाळतोच असे नाही. तो ओसरतो, परततो, कधी आयुष्यभर सोबत करतो. इंग्रज कवी विल्यम कूपर याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १७६३ मध्ये त्याचे मन कोलमडले; सेंट ऑल्बन्स येथील वेड्यांच्या खाजगी आश्रयस्थानात उपचार चालू असतानाच त्याला श्रद्धेचा साक्षात्कार झाला. आपल्या या अनुभवाचे जे वृत्त त्याने लिहिले, ते बरे होण्यापाशी संपते. पण १७७३ मध्ये आजार उलटला आणि आपण ईश्वराकडून कायमचे टाकले गेलो आहोत ही धारणा १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या मनातून पूर्णपणे गेली नाही. १७७९ च्या ज्या स्तोत्रसंग्रहातील त्याची गीते इतरांना धीर देत आली, ती त्याला स्वतःला धीर देऊ शकली नाहीत. साक्षीची चौकट आणि जगलेले आयुष्य यांत असे अंतर पडते. या अंतराचे काय करावयाचे, हा श्रद्धेचा प्रश्न आहे, तसाच तो वाङ्मयाचाही प्रश्न आहे.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे सामोरे जाणारी संहिता म्हणून १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे पाहता येते. तिच्या प्रांजळपणाची आणि विनोदाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. परंतु या आत्मचरित्राच्या आरंभीच एका आजाराचे चित्र आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १८५७ च्या उठावानंतर एका आप्ताला फाशी झाली आणि तेव्हापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मनात सोवळ्याने घर केले. घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून शुद्ध होत नाही, ही त्यांची धारणा साऱ्या कुटुंबाला वेठीस धरते. आज मानसोपचारात ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्याची लक्षणे येथे दिसतात. आघात, भय आणि भय शमविण्यासाठी पुनःपुन्हा केलेली कृती ही साखळी वाचकाच्या सहज ध्यानी येते.

तथापि या ठिकाणी निदान करून थांबणे म्हणजे संहितेवर अन्याय करणे होय. नानांचे सोवळे आजार म्हणून ओळखले गेले नाही, कारण ज्या समाजात ते फोफावले त्या समाजाने सोवळ्याला प्रतिष्ठा दिली होती. अतिरेक आणि आचार यांची भाषा एकच होती. जातिव्यवस्थेने स्पर्शाचे जे भय सर्वांना वाटून दिले, तेच या एका माणसात असह्य प्रमाणात साठले. नानांचा आजार व्यक्तिगत खराच, पण त्याची सामग्री सामाजिक आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद या दोन्ही बाजू एकदमच उघड्या करतो. त्या वडिलांना हसतात, पण त्यांची हेटाळणी करीत नाहीत. आणि त्या हसण्याआड आईचे हाल लपवीतही नाहीत.

हा आरंभ ध्यानात ठेवला तर पुढील धर्मांतराच्या कथेचा अर्थ पालटतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मागे राहिलेल्या पत्नीच्या वाट्याला आलेला शोक भान हरपण्याच्या सीमेपर्यंत गेला. शोकाला आजार म्हणण्याची घाई करू नये. परंतु जगण्याचे प्रयोजनच हरवल्याचा हा अनुभव होता, यात संशय नाही. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी काही काळ निराळे ठेवले. अखेर त्यांचे मन पालटले ते ख्रिस्ती सिद्धान्तांच्या चर्चेने नव्हे. माणसामाणसांतील भेद ईश्वराने केलेले नाहीत, या विचाराने त्यांनी आधी जात सोडली आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे वडिलांच्या मनाला ज्या भयाने ग्रासले होते, त्याच भयाचा त्याग हे मुलीच्या श्रद्धेचे पहिले पाऊल ठरले. लेखिका हा दुवा स्वतः स्पष्ट करीत नाही. पण संहितेची रचना तो सुचविते, आणि माझ्या मते या ग्रंथाचा गाभा तेथेच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्यापाशी हे कथन संपत नाही. टिळकांचा संताप, त्यांची अस्वस्थ भ्रमंती, घरात काही शिल्लक न ठेवणारे औदार्य हे सारे धर्मांतरानंतरही तसेच राहते. लक्ष्मीबाईही एका रात्रीत शांत होत नाहीत. बदलते ते एवढेच की दुःखाला आता काम मिळते. प्लेगच्या दिवसांतली शुश्रूषा, अनाथ मुलांचा सांभाळ आणि १९१९ मधील टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याची जबाबदारी, यांतून आयुष्याला दिशा येते. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या बाईने त्या महाकाव्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. व्याधीचे निवारण आणि प्रयोजनाची प्राप्ती या दोन गोष्टी साक्षीच्या चौकटीत एकरूप होतात. ‘स्मृतिचित्रे’त त्या निरनिराळ्या राहतात.

हे वेगळेपण कोठून आले? त्याचे एक उत्तर मराठी काव्यपरंपरेत आहे, आणि ते शोधताना पन्हाळ्याची आठवण होते. १७२९ मध्ये मोरोपंतांचा जन्म या गडावर झाला. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांच्या आगमनाने कोल्हापुरात सुरू झालेल्या अमेरिकन मिशनच्या कामाचे ठाणे पुढे याच गडावर आले. एका बाजूला ‘केकावली’च्या कवीची जन्मभूमी, दुसऱ्या बाजूला साक्षीची संस्कृती! ‘केकावली’त भक्त देवाला आळवितो, आर्जवे करतो, त्याच्याशी वादही घालतो, पण दुःख संपले असे जाहीर करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. रामदासांच्या करुणाष्टकांतही हेच दिसते. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्या सेतूवरून करुणेची ही भाषाही मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आली. ती बायबलला परकी नव्हती. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आरंभापासून शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच संग्रहात स्थान मिळविते.

यावर असा आक्षेप संभवतो की प्रयोजनाला व्याधिनिवारणापासून तोडले तर श्रद्धेचे मोल उणावते. मला उलट वाटते. ‘श्रद्धेने बरे वाटले’ हाच एकमेव मान्य शेवट ठरला, तर ज्याला बरे वाटत नाही त्याच्यावर आजाराच्या जोडीला अश्रद्धेचा ठपका येतो. औषध घेणे हीदेखील त्याला कबुलीसारखी लाजिरवाणी गोष्ट वाटू लागते. कूपरला छळणारे भय याच जातीचे होते. समीक्षक जेव्हा ‘स्मृतिचित्रे’ला अंधाराकडून प्रकाशाकडे जाणारी कथा म्हणतो, तेव्हा तोही नकळत या ठपक्यात सहभागी होतो.

नानांना आपल्या भयातून सुटका मिळाली नाही. त्यांच्या मुलीने त्या भयाचा वारसा नाकारला, परंतु ते भोगणाऱ्या माणसाला मात्र नाकारले नाही. आपल्या आयुष्याच्या ग्रंथात तिने त्याला आरंभीचे स्थान दिले. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांचा अभ्यास करताना धर्मांतराच्या पानाइतकेच हे पहिले पानही श्रद्धेच्या इतिहासात जमा धरावयास हवे.