‘शेतकऱ्याचा असूड’ आणि निर्यातीच्या भाजीपाल्याचे शिक्षण

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली लिहून पूर्ण केला. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, उत्तम शेती करणारांस बक्षिसे द्यावीत व काहींना सरकारी खर्चाने परदेशांतील शेतकी शाळा पाहण्यास पाठवावे, अशा सूचना त्यात आहेत. निर्यातीचा भाजीपाला पिकविण्यास अल्पभूधारकांना शिकविणाऱ्या आजच्या योजनांचे मूळ तेथे पाहण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य वरवरचे होय.

फुले यांनी शिक्षण एकटे मागितलेले नाही. सरकारने ताली व बंधारे बांधावेत, पाणी जमिनीत मुरवावे, ही मागणीही त्याच विवेचनात येते. शेतकऱ्याचे अज्ञान त्यांना मान्य आहे; पण दैन्याचे ते एकमेव कारण ते मानीत नाहीत. आजच्या योजनांत मात्र शिक्षणालाच साधनाची जागा दिली जाते.

याचा परिणाम १ मे २०१४ रोजी दिसला. त्याआधीच्या वर्षी भारतातून आलेल्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या, म्हणून युरोपीय संघाने हापूस आंब्यासह वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबविली. बंदी देशावर होती. त्यामुळे ज्याने शिकविल्याप्रमाणे निर्दोष कारले पिकविले, त्यालाही ती वाट बंद झाली.

हा प्रश्न भंडारा जिल्ह्यातील वरठीसारख्या ठिकाणाहून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. भंडारा रोड हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक याच गावी आहे; भोवतालचा मुलूख धानाचा. भाव पडला तरी धान ढोलीत राहते, घरी खाता येते. कारले थांबत नाही. दाराशी रेल्वे असणे म्हणजे शीतगृह, मान्यताप्राप्त वेष्टनगृह आणि तपासणी हाताशी असणे नव्हे. अशा वेळी बांधीत भाजी लावण्याविषयीची त्याची कां-कूं अज्ञानातून येते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

फुले यांच्या विवेचनाची मर्यादाही येथेच आहे. त्यांच्या या सूचनांत परदेश ही पाठशाळा आहे. आज तो परीक्षकही झाला आहे, आणि परीक्षकापुढील नुकसान कोणी सोसावे याचे उत्तर त्या ग्रंथात मिळत नाही. तथापि साधनावाचून शिक्षण अपुरे, हे त्यातील सूत्र कायम राहते. म्हणून कोणत्याही प्रशिक्षणयोजनेचे मूल्यमापन किती शेतकरी शिकले यावर न करता, नाकारलेल्या खेपेचा तोटा अखेर कोणाच्या पदरी पडला यावर करावे.