ऐकलेलं गद्य, लिहायचं राहिलेलं गद्य

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतेच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत घरोघरी कानबाई देवी बसते. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून कापडधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांनी ती सोबत आणली. रोट होतात, अहिराणी गाण्यांनी रात्र जागते, सोमवारी विसर्जन होतं. एरवी याच वस्त्यांतल्या कितीतरी घरांत बायका साड्यांना टिकल्या लावत असतात, धागे कापत असतात. पुरुष मार्केटात, डाइंग मिलमध्ये नाहीतर लूमच्या खात्यावर. म्हणजे एका घरात देवीचं गाणं आहे, व्रताची कहाणी आहे, गावाकडची भुताची गोष्ट आहे आणि पाळी संपवून आलेल्या माणसाचा आजचा वृत्तांतही आहे.

साहित्यप्रकार शिकवताना आपण मात्र त्यांची उतरंड रचतो. आधी लोककथा, मग कथा-कादंबरी, मग लघुनिबंध, ललित गद्य, शेवटी रिपोर्ताज. पुढचा प्रकार आला की मागचा संपला, असा समज त्यातून रुजतो. तो चुकीचा आहे, आणि मराठी गद्याचा आरंभच तो खोडून काढतो.

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांना गाठून, विचारून त्यांनी एकेक लीळा मिळवली. एकाच प्रसंगाची वेगवेगळ्यांनी सांगितलेली रूपंही महानुभाव परंपरेने जपली. लीळा आकाराने लहान. त्यात स्थळ आहे, माणसं आहेत, त्यांचं बोलणं आहे. चमत्काराची कथा आणि खाण्यापिण्याचा साधा तपशील शेजारी शेजारी येतात. साक्षीदारांच्या आवाजांतून ग्रंथ रचणाऱ्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांना 2015 साली नोबेल मिळालं, तेव्हा या रीतीच्या नवेपणाची चर्चा झाली. मराठीत ती रीत सातशे वर्षांपूर्वीची आहे. आणि याच परंपरेनुसार चक्रधर मूळचे भडोचचे, सुरतेपासून जवळच्या गावचे. गुजरातेतून आलेल्या माणसाभोवती मराठी गद्य पहिल्यांदा आकाराला आलं, ही गोष्ट सुरतेतल्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

सुरतेचा आणखी एक धागा आहे. व्याकरणकार दादोबा पांडुरंग 1840च्या दशकात इथे शिक्षक होते. दुर्गाराम मेहतांसोबत 1844 साली त्यांनी मानवधर्म सभा स्थापली. त्यांचं आत्मचरित्र हे मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक, अ. का. प्रियोळकरांनी ते 1947 साली प्रकाशात आणलं. याच शहरातल्या नर्मदने गुजरातीत निबंध रुजवला आणि 1866 साली ‘मारी हकीकत’ लिहिली. स्वतःबद्दल खरं लिहिण्याची दोन भाषांतली सुरुवात या शहराला इतकी जवळची आहे.

विसाव्या शतकात मात्र आपल्या ललित गद्याने एक अरुंद वाट धरली. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’पासून लघुनिबंध म्हणजे लेखकाच्या मनाचा प्रसन्न फेरफटका, असं ठरून गेलं. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त निसर्गाच्या निरीक्षणाने आणि इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांच्या चिकित्सेने ती वाट रुंद केली. अनिल अवचट वस्त्यांवर गेले, कामगारांशी बोलले, कामाची पद्धत समजून घेऊन लिहिलं. आणि ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनांनी तर अनुभव सांगण्याची भाषाच बदलली. माझ्या मते मराठीतलं सर्वांत बळकट आधुनिक गद्य इथे आहे, कादंबरीत नाही. त्यानंतर आपण पुन्हा सोप्या वाटेला लागलो. पुरवण्यांतले स्तंभ पाहा: आठवण, पाऊस, आजी, एखादी कविता. लेखक घराबाहेर पडतच नाही.

म्हणून मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे, अण्णा भाऊ साठे, भाऊ पाध्ये लाभले, तशी लेखणी सुरतेच्या खानदेशी कामगाराच्या वाट्याला अजून पुरेशी आलेली नाही. कापडाचा ताका कसा तपासतात, मंदी आली की कुणाचं काम आधी जातं, टिकल्या लावणारीचा दर कोण ठरवतो, मुलाची शाळा कुठल्या माध्यमाची निवडायची, हे सगळं बोललं रोज जातं, लिहिलं फार क्वचित जातं.

लिहिण्याने काय होतं, ते खानदेशाला चांगलं ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी लिहू शकत नव्हत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव याने आणि इतरांनी त्यांची गाणी टिपून ठेवली. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती 1952 साली पुस्तकरूपात आली. त्या 1951मध्येच गेल्या होत्या. टिपणारं कुणी नसतं तर मराठी कविता केवढी गरीब राहिली असती! साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. त्यांनीही बायकांच्या ओव्या जमवल्या. त्यांची ‘श्यामची आई’ तर रात्रींमध्ये विभागलेली आहे: सांगणारा बसला आहे, ऐकणारे भोवती आहेत. कहाणीचा जुना साचा आणि स्वतःचं आयुष्य यांची सांगड तिथे इतकी सहज बसली, म्हणूनच ती घराघरात वाचली गेली.

गोडादऱ्याला हवा आहे तो असाच प्रकार. लहान, एका माणसाचा, एका प्रसंगाचा, सांगणाऱ्याच्या तोंडचा. त्यातलं बोलणं अहिराणीतच राहू द्यावं. प्रमाण मराठीत धुऊन काढलं की त्यातला माणूस निघून जातो. आणि रचलेलं काही त्यात मिसळू नये. प्रसंगांची मांडणी कथेसारखी करता येते, पण न घडलेला प्रसंग घुसवला की कामगाराच्या साक्षीवरचा विश्वास उडतो. इथे सवलत नको.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. तिथल्या शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना एवढंच सांगावं: आईने, काकांनी, शेजारच्या आजीने सांगितलेली एक खरी गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. आणि महाराष्ट्रातल्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्यातल्या चांगल्या मजकुराला, सांगणाऱ्याची संमती घेऊन, सन्मानाने पानं द्यावीत.