द्रौपदीच्या प्रश्नातील षष्ठी

अभिजात वाङ्मयाचा आधुनिक जीवनाशी संबंध जोडण्याची आकांक्षा पदव्युत्तर प्रबंधांतून वारंवार दिसून येते. ती आकांक्षा योग्यच आहे. ज्या ग्रंथाशी वर्तमानाचे काही देणेघेणे उरलेले नाही, तो पूज्य ठरेल, परंतु वाचला जाणार नाही. मात्र हा संबंध ज्या रीतीने जोडला जातो, तिची परीक्षा क्वचितच होते. सामान्यतः दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत ग्रंथातून सत्तालोभ, स्त्रीची विटंबना, कर्तव्य व मोह यांचे द्वंद्व, असे एखादे आशयसूत्र वेगळे काढले जाते आणि ते आजच्या जीवनातही आढळते असे दाखविले जाते. यात खोटे काही नाही. परंतु जे सर्व काळी आढळते, ते दाखविण्यास याच ग्रंथाची गरज का पडावी, याचे उत्तर या रीतीजवळ नसते.

दुसरी रीत रूपकाची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०७ साली रंगभूमीवर आलेले ‘कीचकवध’ हे तिचे मराठीतील सर्वांत प्रभावी उदाहरण होय. कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या ठिकाणी पराधीन देश, कंकभट्टाच्या ठिकाणी नेमस्त आणि बल्लवाच्या ठिकाणी जहाल, हे नाते प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले; सरकारनेही ते ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. रूपकाचे सामर्थ्य यातच आहे आणि मर्यादाही यातच आहे. ज्या क्षणी पात्रांची जुळणी पक्की होते, त्या क्षणी मूळ कथा त्या काळाशी बांधली जाते. तो काळ सरला की रूपकाला इतिहासाची टीप जोडावी लागते.

या दोहोंहून वेगळी अशी तिसरी वाट आहे. ग्रंथातील आशय किंवा पात्रे उचलण्याऐवजी त्यातील एखादा प्रश्न, तो ज्या शब्दांत आणि ज्या रूपांत विचारला गेला त्यांसह तपासावयाचा, आणि त्याच रूपाचा प्रश्न वर्तमान व्यवहारात कोठे उभा राहतो ते पाहावयाचे, अशी ही वाट आहे. सभापर्वातील द्रौपदीचा प्रश्न या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

प्रसंग सर्वपरिचित आहे. तथापि त्यातील क्रम ध्यानात ठेवला पाहिजे. युधिष्ठिर प्रथम संपत्ती, नंतर एकेक भाऊ, त्यानंतर स्वतः आणि शेवटी, शकुनीने सुचविल्यावरून, द्रौपदी पणास लावतो व हरतो. प्रातिकामी तिला सभेत नेण्यास येतो, तेव्हा ती त्याला प्रश्न देऊन परत पाठविते: युधिष्ठिराने आधी काय हरले, स्वतःला की तिला? प्रातिकामी हा प्रश्न सभेत मांडताना त्याला आणखी एक अंग जोडतो: कोणाचा ‘ईश’ असताना त्याने तिला हरले? प्रश्नाचा भार दोन शब्दांवर आहे. ‘पूर्वम्’ हा क्रमवाचक शब्द पुष्कळांच्या ध्यानात येतो; ‘ईश’ या शब्दाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘ईश्’ हा धातू ‘अधिकार चालविणे, स्वामी असणे’ या अर्थाचा आहे. ज्यावर अधिकार चालतो, त्याची षष्ठी होते, असे पाणिनीने सांगितले आहे. परंतु षष्ठीचे क्षेत्र याहून पुष्कळ व्यापक आहे. अन्य विभक्तींत जे संबंध सामावत नाहीत ते सारे ‘शेष’ म्हणून षष्ठीकडे येतात, आणि या शेषात स्वस्वामिभाव, जन्यजनकभाव, अवयवावयविभाव असे परस्परांहून अत्यंत भिन्न संबंध वैयाकरणांनी गणले आहेत. राजाचा सेवक, पित्याचा पुत्र, वृक्षाची शाखा या तिहींत प्रत्यय एकच असून नाते मात्र तीन प्रकारचे आहे. ‘युधिष्ठिराची पत्नी’ यातील षष्ठी यांपैकी कोणती, हाच सभेपुढील वादाचा गाभा होय.

सभेतील उत्तरे या दृष्टीने वाचली असता त्यांची संगती स्पष्ट होते. प्रश्न सभेत येण्यापूर्वीच विदुर म्हणतो की, युधिष्ठिर ‘अनीश’ झाल्यावर द्रौपदी पणास लागली, म्हणून ती दासी झालेली नाही. भीष्म अडखळतो: जो स्वामी नाही तो परक्याचे धन पणास लावू शकत नाही, हे त्याला मान्य आहे, परंतु स्त्रिया पतीच्या अधीन असतात, हेही त्याला सोडता येत नाही. विकर्ण ती जिंकली गेलेली नाही असा निर्णय देतो आणि त्यासाठी कारणे मांडतो. त्याला कर्णाने दिलेले उत्तर सर्वांत सूचक आहे. युधिष्ठिराने सर्वस्व पणास लावले, आणि द्रौपदी त्या ‘सर्वस्वा’त अंतर्भूतच आहे, असे कर्ण म्हणतो. ‘सर्वस्व’ या समासातील ‘स्व’ म्हणजे धन. पतिपत्नीसंबंधाची षष्ठी कर्णाने कोणताही पुरावा न देता स्वस्वामिभावाची ठरविली आणि वाद मिटला असे मानले. शेवटी अर्जुन म्हणतो की, युधिष्ठिर पूर्वी ईश होता खरा. परंतु ज्याने स्वतःलाच हरविले तो कोणाचा ईश?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पत्नी ही पतीची मालमत्ता नाहीच, असे द्रौपदी कोठेही म्हणत नाही. ते विधान तिच्या तोंडी घालणे म्हणजे आधुनिकतेच्या उत्साहात संहितेचा विपर्यास करणे होय. अर्जुनाचे उत्तरदेखील पूर्वीचे ईशत्व मान्य करूनच दिलेले आहे. द्रौपदी करते ते याहून मर्यादित, पण अधिक टिकाऊ आहे. षष्ठी गृहीत धरता येत नाही, ती सिद्ध करावी लागते, हे तिचा प्रश्न प्रस्थापित करतो. ‘माझी’ म्हणणाऱ्याने ते कोणत्या अधिकाराने म्हटले, हे सभेला सांगावयास हवे.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) हा प्रश्न द्रौपदीची चूक मानला आहे. कोणतेही उत्तर मिळाले तरी तिचे अकल्याणच होते. पतीची सत्ता टिकली असे ठरते तर दास्य, नाही असे ठरते तर अनाथपण, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. समाजशास्त्रीय दृष्टीने तो भेदक आहे. परंतु प्रश्नाचे मूल्य केवळ उत्तराच्या परिणामावरून ठरविणे अपुरे वाटते. ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे घातक ठरतात, तो प्रश्न विचारणारीपेक्षा त्या व्यवस्थेचाच दोष अधिक उघड करतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत (१९१९ ते १९६६) कृष्णाच्या धाव्याचा भाग मूळ संहितेतून वगळून टिपांत गेला, ही गोष्टही येथे महत्त्वाची आहे. तो धावा बाजूस झाला की प्रश्नच प्रसंगाच्या केंद्रस्थानी येतो. सभा त्याचा निर्णय देत नाहीच. अपशकुनांनी भ्यालेला धृतराष्ट्र वर देतो आणि सुटका होते. वर मिळणे म्हणजे उत्तर मिळणे नव्हे.

आता वर्तमानाकडे वळता येईल. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९७ अन्वये परपुरुषाच्या पत्नीशी, त्या पुरुषाच्या संमतीवाचून अथवा मूकसंमतीवाचून, संबंध ठेवणे हा व्यभिचाराचा अपराध होता. पतीची संमती असेल तर अपराध नाही. पत्नीच्या संमतीने काहीच फरक पडत नाही. ‘दुसऱ्या पुरुषाची पत्नी’ यातील षष्ठी कायद्याने कर्णाप्रमाणेच लाविली होती. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते एकमताने रद्द केले, आणि पती हा पत्नीचा स्वामी नव्हे, असे त्या निर्णयात स्पष्ट म्हटले गेले. द्रौपदीच्या प्रश्नातील ‘ईश’ या पदाला एका सभेने दिलेले हे निःसंदिग्ध उत्तर होय. परंतु प्रश्न संपलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत व्यभिचाराचे कलम नाही. तथापि अठरा वर्षांवरील ‘स्वतःच्या पत्नी’शी पतीने केलेला संबंध बलात्कार ठरत नाही, हा अपवाद तिच्या कलम ६३ मध्ये कायम राहिला. त्या ‘स्वतःच्या’मधील षष्ठी कोणती, हे विचारावयाचे उरलेच आहे.

मराठी भाषेने याबाबत एक उपयुक्त साक्ष राखून ठेवली आहे. ‘माझी गाडी’ आणि ‘माझी मुलगी’ यांत प्रत्यय एकच. परंतु वाक्य करताच भाषा भेद करते. गाडी ‘माझ्याकडे’ असते, मुलगी ‘मला’ असते. नात्याचे माणूस जवळ बाळगण्याची वस्तू नव्हे, हे वाक्यरचना जाणते. ‘माझी’ या सुट्या पदात मात्र तो भेद लोपतो. अर्थात व्याकरणावरून समाजाची नीती सिद्ध होत नाही. मराठी बोलणाऱ्यांनी ‘मला बायको आहे’ असे म्हणत म्हणतच बायकोवर मालकी गाजविली आहे. साक्ष एवढीच की, दोन संबंध भिन्न असल्याची जाणीव भाषेत आहे, आणि तो भेद पुसला जातो तेव्हा तो व्यवहारात पुसला जातो.

अभिजात ग्रंथ आधुनिक ठरतो तो आपल्या काळाची मते त्यात सापडतात म्हणून नव्हे. महाभारतातील सभेचे विचार आज त्याज्य वाटले तरी तेथे विचारलेला प्रश्न त्याज्य होत नाही. म्हणून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याने प्रथम मूळ शब्दांकडे जावे, प्रश्नाचे रूप निश्चित करावे, संहिता जेथे थांबते तेथे स्वतःही थांबावे, आणि मगच वर्तमानात त्याच रूपाचा प्रश्न शोधावा. असे केले असता सभापर्व आणि दंडसंहिता यांना एकत्र आणण्यास आशयाच्या साम्याची फारशी गरज पडत नाही; एका विभक्तीचा अर्थ नीट लावणे पुरेसे होते.