‘आत्मा’ या शब्दाची घरे

आपल्या स्मरणिकांतील आणि श्रद्धांजलीपर लेखांतील मराठी बरीच प्रौढ झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांत एक कल्पना वारंवार भेटते : देह हे जुने वस्त्र होते, ते टाकून आत्मा निघून गेला. कल्पना सुंदर आहे, दुःखितांना धीर देणारीही आहे. ती कोठून आली आणि ख्रिस्ती अंत्यविधीत ती कितपत बसते, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

हे रूपक भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले. वस्त्रे बदलणाऱ्याला गीता तेथे ‘देही’ म्हणते; देही म्हणजे देह धारण करणारा. रूपकाचा भर जुने टाकण्यावर जितका आहे, तितकाच नवे घेण्यावर आहे. ते पुनर्जन्माचे रूपक आहे. त्याचा पूर्वार्ध उचलायचा आणि उत्तरार्ध तेथेच ठेवायचा, हा गीतेवरही अन्याय आणि आपल्या श्रद्धेवरही.

‘आत्मन्’ हा शब्द त्याहून खोल. संस्कृतात तो ‘स्वतः’ या अर्थी सर्रास येतो. आत्मचरित्र, आत्मविश्वास हे आपले शब्द त्याच घरचे. (आत्मा अमर मानणाऱ्या भाषेत ‘आत्मघात’ हा शब्द नांदतो, तो याच अर्थाच्या बळावर!) उपनिषदांनी या ‘स्वतः’चा तळ शोधला. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि आत्मा रथाचा स्वामी. छांदोग्यात उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पाण्यात विरघळलेले मीठ चाखावयास लावतो. दिसत नाही, पण सर्वत्र आहे, आणि ते सत् तूच आहेस, असे सांगतो. या वचनातून शंकराचार्यांनी अभेद काढला, रामानुजांनी जीवाला ब्रह्माचे शरीर मानले, मध्वाचार्यांनी जीव आणि ईश्वर यांत कायमचा भेद पाहिला. तेव्हा ‘हिंदू धर्मात आत्मा म्हणजे अमुक’ असे एका ओळीत उरकणाऱ्या आपल्या लेखकांनी थोडे थांबलेले बरे.

आता आपल्या घरी येऊ. लॅटिन उपासनेत ‘आनिमा’ आणि ‘स्पिरितुस’ हे दोन निराळे शब्द होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषांत आली आणि मराठीत या दोहोंचा भार बहुधा एकट्या ‘आत्मा’वर पडला. मृताचा आत्मा आणि पवित्र आत्मा ही दोन निराळी तत्त्वे एका नावाने वावरू लागली. बायबल सोसायटीच्या भाषांतरात मरियेच्या स्तोत्रात ‘जीव’ आणि ‘आत्मा’ शेजारी शेजारी आले आहेत. ‘जीव’ हा घरगुती शब्द आपण उगाच अडगळीत टाकला, असे आमचे मत आहे.

पण खरा प्रश्न शब्दापेक्षा देहाचा आहे. आत्म्याचे अमरत्व आपणही मानतो. तरी प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण देहाच्या पुनरुत्थानाची ग्वाही देतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावरील भाष्यात संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, हे स्पष्ट केले आहे. वेदान्तात रथाचा स्वामी रथावाचूनही पूर्ण असतो. आपल्याकडे तो नसतो. म्हणूनच अंत्यविधीत धर्मगुरू त्या देहावर पवित्र जल शिंपडतो, त्याला धूप दाखवितो. टाकलेल्या वस्त्राला कोणी धूप दाखवीत नाही. ज्या मातेने तो देह न्हाऊ-माखू घातला, आजारपणात त्याची कूस पालटली, तिला शवपेटीपाशी ‘हे केवळ वस्त्र होते’ असे ऐकविणे आम्हांस कठोर वाटते. तिच्या हातांना ते ठाऊक नसते.

त्याच अध्यायात संत पौलाने वस्त्राऐवजी बियाण्याचा दाखला घेतला आहे. जे पेरले ते आणि जे उगवते ते दिसायला निराळे, तरी दाणा तोच. आपल्या वाचकांत भाताची पेरणी पाहिलेली कितीतरी घरे आहेत. नोव्हेंबरच्या स्मरणिका छापावयास जाण्यापूर्वी संपादकांनी हा दाखला एकदा वाचून पाहावा.