बालकल्याणाचे मापन आणि थोरली बहीण

कल्याणकारी योजनांचा गरीब कुटुंबांतील मुलांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन मापांनी मोजला जातो : घरात आलेली मजुरी वा धान्य, आणि शाळेच्या पटावरील नावे. ही मापे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु बारामती व इंदापूर या तालुक्यांतील परिस्थितीस ती लावून पाहिली असता त्यांची मर्यादा ध्यानात येते. ती मर्यादा कोठे आहे, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

नीरा डाव्या कालव्याने या प्रदेशाचे बागायत व जिरायत असे दोन भाग पाडले. कालव्याच्या पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सुपे-मोरगावच्या बाजूस शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावरच राहिली. त्यामुळे येथे गरीब मूल निदान दोन प्रकारचे आढळते. एक जिरायत गावातील, ज्याचे आईबाप सरकारी कामावर मातीकाम करीत आले. दुसरे बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून गळिताच्या हंगामात कोयत्याबरोबर येणारे.

पहिल्याचा विचार १९७२ च्या दुष्काळापासून करावा लागतो. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर बायका तान्ही मुले घेऊन जात. तेथे वाटलेली सुकडी त्या पिढीच्या स्मरणात अद्याप आहे. या अनुभवातून दृढ झालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. गावाजवळ काम आणि स्त्रीच्या हाती मजुरी, ही या योजनेची थोरवी अभ्यासकांनी सांगितली आहे व ती रास्त आहे. मात्र मजुरी कामाच्या मापावर ठरत असल्याने आईने मुलाला दिलेला प्रत्येक तास मजुरीतून वजा होतो, या गोष्टीकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही. कायदा करणाऱ्यांस ही अडचण ठाऊक होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एका बाईस नेमावे व तिला मजुरी द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. ही सोय कामाच्या जागी क्वचितच दिसते. तिची उणीव भासली नाही याचे कारण सोपे आहे : सांभाळणारे माणूस घरात आधीच असते. ते आठ-नऊ वर्षांचे असते, बहुधा मुलगी असते, आणि त्याला मजुरी द्यावी लागत नाही.

हे मान्य केले की इतर योजनांचा हिशेबही निराळा दिसू लागतो. १९९५ साली सुरू झालेल्या शालेय पोषण योजनेत ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा तीन किलो धान्य देण्याची रीत होती. धाकट्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस घरी राहणारी मुलगी या अटीने आपोआप वगळली जाई; ज्या घरास धान्याची निकड अधिक, त्याच घरावर अटीचा भार अधिक. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि त्यामुळे निदान हजर मुलाच्या ताटात काय पडले हे निश्चित झाले. तरी त्या ताटाशी पोचण्यासाठी कडेवरचे मूल कोणाकडे तरी सोपवावेच लागते. अंगणवाडी तीन वर्षांवरील मुलास काही तास बसवून घेते; त्याखालील मुलास घरी न्यावयाचा शिधा मिळतो. शिधा घरी जातो, पण सांभाळणारे हात त्याबरोबर जात नाहीत.

कोयत्याच्या मुलाची स्थिती याहून बिकट आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दोघांच्या अंगावर असल्याने आईला फडातून दूर राहता येत नाही. गावी हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावे ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर झाली. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु वसतिगृह शाळकरी वयाचेच मूल घेते. दोन वर्षांचे मूल आईबरोबर कोपीवर जाते, आणि ते जाते म्हणून त्याला राखण्यास बहीणही जाते. आईबापांना शाळेचे मोल कळत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे मला तरी उतावीळपणाचे वाटते. ज्याला शाळेत ठेवता येईल त्याला ठेवून, जिच्यावाचून काम अडेल तिला बरोबर नेणे, हा त्या घराचा विचारपूर्वक केलेला हिशेब असतो.

आपल्या योजना वयाच्या तुकड्यांनी आखल्या आहेत : तिनापर्यंत एक, सहापर्यंत दुसरी, चौदापर्यंत तिसरी, मजुरीचे खाते निराळेच. मूल्यमापनही त्याच तुकड्यांनी होते, त्यामुळे तान्ह्या भावासाठी बहिणीची बुडालेली शाळा कोणत्याच खात्याच्या अपयशात जमा होत नाही. तिचे नाव मूळ गावच्या पटावर राहिले तर ती उलट यशातच मोजली जाईल.

तेव्हा या विभागाचे जे विद्यार्थी पुढील गळीत हंगामात सोमेश्वरनगर वा भवानीनगरच्या तळांवर पाहणीस जातील, त्यांनी आपल्या प्रश्नावलीत एका प्रश्नाची भर घालावी : काल सकाळी फड सुरू झाल्यापासून गाडी भरेपर्यंत घरातले सर्वांत लहान मूल कोणाजवळ होते? उत्तरापुढे त्या व्यक्तीचे वय लिहावे, आणि मगच पटावरील उपस्थितीचा रकाना भरावा.