‘परीक्षा’ आणि ‘मोह’ : मिल्टनच्या ‘पॅरडाइज रिगेन्ड’मधील नकाराचा अर्थ

ख्रिस्ती जीवनातील मोहाचा विचार मराठीतून करू लागताच प्रथम शब्दाचाच प्रश्न उभा राहतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत कसोटी आणि भुरळ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दकुलातून व्यक्त होतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये मात्र येशूच्या अरण्यातील प्रसंगासाठी आणि प्रभूच्या प्रार्थनेसाठी ‘परीक्षा’ हा शब्द योजलेला आहे. याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायात, देव कोणालाही वाइटाकडे ओढत नाही असे प्रतिपादन जेथे येते, तेथे ‘मोह’ हा शब्द आढळतो. ही विभागणी वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु याच अर्थसंकरामुळे प्रार्थनेतील संबंधित ओळीचा फ्रेंच उपासनापाठ २०१७ मध्ये आणि इटालियन पाठ २०२० मध्ये बदलण्यात आला, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. परीक्षेला बाहेरचा परीक्षक लागतो, तर मोहाला आतली ओढ. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर जे घडले ते यांपैकी नेमके काय होते? येशूच्या ठायी ओढच नसेल तर त्याच्या नकाराला मोल कोणते, आणि ओढ असेल तर ती कशाची?

या प्रश्नाचे सर्वांत विस्तृत काव्यात्म उत्तर जॉन मिल्टनच्या ‘पॅरडाइज रिगेन्ड’ या १६७१ साली प्रसिद्ध झालेल्या चार सर्गांच्या काव्यात मिळते. ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या छायेत हे काव्य कायमचे झाकोळले गेले. त्यात युद्ध नाही, स्वर्ग-नरकाचा विराट पट नाही. नायक जवळजवळ काहीच करीत नाही. तो ऐकतो आणि नाकारतो. या निष्क्रियतेमुळे हे काव्य नीरस असल्याचा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्गांत वादविवादाचे ओझे काव्याला खरोखरच पेलवत नाही. तथापि नकाराचे स्वरूप बारकाईने पाहिले असता या आक्षेपाची धार बरीच बोथट होते.

मत्तय आणि लूक या दोघांनीही तीनच प्रसंग सांगितले आहेत : दगडाची भाकर, जगातील राज्ये आणि मंदिराचा कळस. मिल्टनने लूकचा क्रम स्वीकारला आणि पहिल्या व तिसऱ्या प्रसंगाला तुलनेने थोडी जागा दिली. मधला प्रसंग मात्र त्याने पसरत नेला. मेजवानी, संपत्ती, कीर्ती, दाविदाचे सिंहासन, पार्थियाचे सैन्य, रोमचे साम्राज्य आणि शेवटी अथेन्सची विद्या अशी ही चढती रांग आहे. येथे एक तपशील विशेष बोलका आहे. दुसऱ्या सर्गातील सैतानी सभेत बेलियल स्त्रीसौंदर्याचा मार्ग सुचवितो. सैतान तो तत्काळ फेटाळतो. दुबळ्या मनांसाठी ते साधन ठीक, या पुरुषासाठी नव्हे, असा त्याचा अभिप्राय आहे. मोह म्हटला की देहवासना आणि व्यसन यांपलीकडे न जाणाऱ्या प्रवचनपरंपरेला मिल्टनने असे एका छोट्या प्रसंगात बाजूला सारले आहे.

सैतान जे पुढे करतो त्यातील बहुतेक गोष्टी मुळात वाईट नाहीत, हे या काव्याचे मर्म होय. भुकेल्याला अन्न वाईट नाही. पारतंत्र्यातील लोकांना मुक्त करणे तर नाहीच नाही. पहिल्या सर्गातील स्वगतात येशू आपल्या बालपणीच्या आकांक्षा आठवतो आणि त्यांत इस्राएलला रोमच्या जोखडातून सोडविण्याची इच्छाही असते. पुढे तिसऱ्या सर्गात सैतान नेमकी तीच इच्छा त्याच्यापुढे ठेवतो. तिला कर्तव्याचे, देशप्रेमाचे नाव देतो आणि वेळ दवडू नये असे बजावतो. ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ यांतील भेद या ठिकाणी मिटतो. परीक्षक बाहेरचा असला तरी प्रश्नपत्रिका परीक्षार्थीच्या स्वतःच्या मनातून काढलेली आहे. येशूच्या उत्तरांत वस्तूचा धिक्कार क्वचितच आहे. हे कोणाकडून घ्यायचे आणि कधी, एवढेच तो विचारतो. मेजवानीच्या प्रसंगी त्याचा आक्षेप पक्वान्नांवर नसून दात्याच्या हेतूवर आहे, आणि सिंहासनाच्या प्रसंगी तो काळावर आहे.

या भूमिकेमागे मिल्टनच्या आयुष्याचा पट आहे. १६४९ पासून तो प्रजासत्ताक शासनाचा परभाषा-सचिव होता. १६५२ च्या सुमारास त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. १६६० मध्ये राजसत्ता परतली, त्याचे ग्रंथ जाळण्यात आले आणि त्याला काही काळ अटकही झाली. शस्त्राच्या बळावर देवाचे राज्य उभारण्याचा प्रयत्न एका पिढीने करून पाहिला होता आणि तो कोसळला होता. तरुण मिल्टनने १६४४ च्या ‘ॲरिओपॅजिटिका’त एकांतात जपलेल्या, कधीच कसोटीला न उतरलेल्या सद्गुणाला तुच्छ लेखले होते. उत्तरवयातील मिल्टन तो विचार सोडीत नाही. फक्त रणांगण बदलतो. टॉमस अ केंपिसच्या परंपरेतील साधकाला मोह दाराशी येताच दार लावून घेण्याचा उपदेश असतो. मिल्टनचा येशू दार लावीत नाही. तो शत्रूशी चार सर्ग बोलतो, आणि हे बोलणेच त्याची कृती ठरते.

अध्यापकवर्गाला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग चौथ्या सर्गातला आहे. सैतान अथेन्स दाखवितो. तत्त्वज्ञान, वक्तृत्व, नाट्य आणि काव्य यांचे मनोहर वर्णन करतो. येशू हे सारे नाकारतो आणि हिब्रू स्तोत्रे व संदेष्टे यांना श्रेष्ठ ठरवितो. ग्रीक साहित्यावर पोसलेल्या कवीने असे लिहावे याचे आश्चर्य वाटते. या विसंगतीचे स्पष्टीकरण अनेक प्रकारे दिले जाते, परंतु सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे की मिल्टनने येथे स्वतःचाच मोह लिहिला आहे. अथेन्सचे वर्णन इतके रसरशीत आहे की ते सैतानाच्या तोंडी असूनही त्यात कवीचा जीव गुंतलेला दिसतो. येशूचे उत्तर त्या मानाने कोरडे आणि काहीसे कठोर आहे. त्यातील एक मुद्दा मात्र टिकणारा आहे : वाचलेल्या ग्रंथाच्या तोलाची विवेकबुद्धी वाचणाऱ्याजवळ नसेल, तर वाचन वाढूनही मन अस्थिरच राहते. या उत्तरात ग्रीक विद्येवर मात्र अन्याय झाला आहे, हे मान्य करावे लागते.

मिल्टनच्या काव्यातील खरी उणीव अन्यत्र आहे. अरण्यात येशू एकटा आहे. त्याच्या नकाराची किंमत दुसरे कोणी मोजताना दिसत नाही. पार्थियाचे सैन्य नाकारले म्हणजे बंदिवासातील दहा वंश बंदिवासातच राहतात. यावर त्यांनी ते स्वतःच ओढवून घेतले, असे उत्तर येते. तर्काला ते पुरेसे असेल, करुणेला नाही.

दस्तयेवस्कीने नेमकी हीच जागा हेरली. १८७९-८० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्रदर्स करमाझव’मध्ये इव्हान आपल्या भावाला एक कल्पित कथा सांगतो. सोळाव्या शतकातील सेव्हिल नगरात ख्रिस्त पुन्हा येतो आणि नव्वदीच्या घरातील महाधर्मपरीक्षक त्याला तुरुंगात टाकतो. त्याचा आरोप असा की अरण्यातील तीन नकार हा बलवंतांचा गर्व होता. भाकर, चमत्कार आणि सत्ता नाकारून ख्रिस्ताने थोड्यांना स्वातंत्र्य दिले आणि कोट्यवधी दुबळ्यांना उपाशी व भयभीत सोडले. ख्रिस्त एक शब्दही बोलत नाही. तो त्या वृद्धाचे चुंबन घेतो. मिल्टनचा येशू प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो, दस्तयेवस्कीचा एकालाही देत नाही. परंतु आरोप इतका जड आहे की वादविवादाने तो हलला नसता, हे कादंबरीकाराने ओळखले होते.

आरोपपत्रात मात्र एक मोठी गाळलेली जागा आहे. चारही शुभवर्तमानांत पाच हजारांना भाकर वाटल्याचा प्रसंग येतो. स्वतःच्या भुकेसाठी दगडाची भाकर न करणारा येशू दुसऱ्यांच्या भुकेसाठी पाच भाकरी पुरवितो. योहानाच्या सहाव्या अध्यायानुसार जेवलेले लोक त्याला बळेच राजा करू पाहतात. अरण्यातील पहिली आणि दुसरी परीक्षा येथे पुन्हा एकत्र येतात. या वेळी परीक्षक सैतान नसून कृतज्ञ जनसमुदाय आहे. येशू भाकर देतो, मुकुट घेत नाही, आणि एकटाच डोंगरावर निघून जातो. महाधर्मपरीक्षकाने भाकर आणि सत्ता यांची जी गाठ अपरिहार्य मानली आहे, ती या प्रसंगात सुटलेली दिसते. मिल्टनचे काव्य तेथवर पोहोचतच नाही. मंदिराच्या कळसावरून सैतान कोसळल्यावर देवदूत स्तुती गातात आणि येशू कोणाच्या नजरेस न पडता आपल्या आईच्या घरी परततो. ज्या गावांतून पुढे भुकेले लोक त्याच्यामागे येणार आहेत, ती अजून काव्याच्या बाहेर आहेत.